बसून मोजलेलं बीपी

पैठणला नाथषष्ठीच्या दर्शनरांगेत कुणी भोवळ येऊन पडलं की पुढचं ठरलेलं असतं. दोघं काखेत हात घालून त्याला उभं करतात, तिसरा नाकाशी कांदा धरतो. कांद्याचं सोडा, पण उभं करणं साफ चूक. मेंदूला रक्त कमी पडलं म्हणूनच तो पडला. आडवं करून पाय वर धरले, की बहुतेक वेळा मिनिटभरात बोलू लागतो. चार-दोन झटके आले म्हणजे ती फिटच, असंही नाही; साध्या भोवळीतही काही सेकंद हातपाय झटकतात.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लीटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटात आणि पायांत उतरतं. स्वायत्त चेतासंस्था लगेच रक्तवाहिन्या आवळते, ठोके वाढवते. आपल्याला पत्ताही लागत नाही. हे काम बिघडलं की उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते.

‘बीपी नॉर्मल आहे, म्हणजे मनाचेच खेळ.’ सर्वांत जास्त नुकसान या समजानं होतं. बीपी मोजतात खुर्चीत बसवून, आणि दोष दिसतो उभं राहिल्यावर. घाटी रुग्णालयात असो की गल्लीतल्या दवाखान्यात, रुग्णाला पाच मिनिटं झोपवून एकदा आणि उभं करून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला बीपी घ्यायला सांगा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर दोष सापडला. तरुण मुलींत अनेकदा बीपी उतरतच नाही. उभं राहिल्यापासून दहा मिनिटांत नाडी ३० ने, विशीच्या आतल्यांत ४० ने वाढते आणि चढलेलीच राहते. हा ‘पॉट्स’. मुलीला नाटकी ठरवण्याआधी घड्याळ लावून नाडी तरी मोजा.

‘अशक्तपणा आहे, सलाईन लावा.’ दिवसभर बरं वाटेल, कारण मात्र तिथेच राहील. वर्षानुवर्षं वाढलेली शुगर स्वायत्त चेतासंस्थेच्या नसा खराब करते. अशा रुग्णाला हार्ट अटॅकमध्येही छातीत दुखेलच असं नाही. दुसरं कारण गोळ्या. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला विंचूदंशावर वापरलेली प्राझोसिन याच चेतासंस्थेत उठलेलं वादळ शमवते. तीच गोळी बीपीसाठी सुरू केली, तर पहिल्या डोसनंतर उठताना माणूस कोसळू शकतो.

मीठ वाढवण्याचा सल्ला काहींना लागू पडतो, पण किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो अंगाशी येईल. काहींचं बीपी उभ्यानं उतरतं आणि आडवं होताच चढतं. त्यांच्या खाटेची उशाकडची बाजू विटा लावून उंच करतात. पाण्यावर बंधन नसेल तर उठण्याआधी दोन ग्लास पाणी प्यावं, मग खाटेच्या कडेला बसून पाय हलवावेत. रात्री लघवीला पुरुषांनीही बसावं. आणि मे महिन्यात नळाला पाणी येण्याच्या दिवशी टाकीजवळ ताटकळणं घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवावं.

धावताना किंवा झोपलेलं असताना शुद्ध हरपली, आधी छातीत धडधडलं किंवा दुखलं, अथवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल, तर यातलं काही करत बसू नका. त्याच दिवशी ईसीजी काढा.