विमा कंपनीचे दप्तर कोण तपासतो?



विम्याची आठवण आपल्याला होते ती नुकसान झाल्यावर. ट्रॅक्टर-ट्रॉली उलटते, गोठ्याला आग लागते, दुभते जनावर दगावते. मग कंपनीचा सर्व्हेअर येतो, फोटो काढतो, माप घेतो, कागद मागतो. या माणसाला आपण ओळखतो. पण विम्याच्या धंद्यात दुसराही एक तपासनीस असतो. तो आपल्या बांधावर कधी येत नाही. सर्व्हेअर आपले नुकसान तपासतो, हा दुसरा कंपनीलाच तपासतो. त्याच्या कामाची माहिती सभासदांना व्हावी म्हणून हा लेख.

गेल्या हंगामात एका गटसभेत एक सभासद म्हणाले, "साहेब, आमी पैसा भरतो, पावती भेटते. पन कंपनीच बसली तर कोनाले पुसाचं?" प्रश्न रास्त आहे. साखरेचे पोते डोळ्यांना दिसते. विम्यात मात्र आपण आज पैसे देऊन उद्याचे वचन विकत घेतो. वचन पाळण्याची ऐपत आहे की नाही, हे विकत घेणाऱ्याला दिसत नाही. म्हणून ते पाहण्याचे काम सरकारने स्वतःकडे घेतले. १९३८ च्या विमा कायद्याचे ३३ वे कलम यासाठीच आहे. पूर्वी हा अधिकार सरकार आणि विमा नियंत्रक यांच्याकडे होता. १९९९ च्या कायद्यानंतर तो हैदराबादच्या विमा नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'इर्डा'कडे आला.

या कलमाचा उपयोग काय, हे १९५५ साली देशाने पाहिले. भारत इन्शुरन्स ही जुनी आयुर्विमा कंपनी. तिचे अध्यक्ष होते प्रसिद्ध उद्योगपती रामकृष्ण दालमिया. वह्यांमध्ये लिहिले होते की कंपनीच्या पैशातून सरकारी रोखे घेतले आहेत. आकडे जुळत होते, पण रोखे हजर नव्हते. सरकारने ३३ व्या कलमाखाली एका चार्टर्ड अकौंटंटला चौकशीवर नेमले आणि रोखे दाखवा, असा तगादा सुरू झाला. तेव्हा सुमारे २ कोटी २० लाखांची अफरातफर उघडकीस आली. ते पैसे दुसऱ्या कंपनीमार्फत शेअरच्या सट्ट्यात गेले होते. त्याच वर्षी डिसेंबरात फिरोझ गांधींनी लोकसभेत हा विषय लावून धरला. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. दालमियांना पुढे तुरुंगवास झाला. दालमिया-जैन समूहाच्या इतर कंपन्यांच्या चौकशीसाठी वेगळा आयोग बसला. त्याचे काम न्या. तेंडोलकरांनंतर न्या. विवियन बोस यांनी पाहिले. हे बोस आपल्या नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश.

आता नागपूरचेच दुसरे उदाहरण. ते विम्याचे नाही, पण रोग तोच. २००२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने दलालांमार्फत सरकारी रोख्यांसाठी पैसे दिले आणि रोखे हाती आलेच नाहीत. प्रकरण सुमारे १५० कोटींचे. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवले. त्याविरुद्ध वरच्या न्यायालयात दाद मागण्यात आली. ज्यांची ठेव अडकली त्या शेतकऱ्याला मात्र निकालाच्या तारखा मोजून काय मिळणार? पैसे दिले त्याच आठवड्यात कोणी "रोखा दाखवा" म्हटले असते, तर एवढी पाळी आली नसती.

म्हणून तपासनिसाचा पहिला नियम सोपा आहे: वहीवर विसंबू नका, वस्तू पाहा. आमच्या ऊस विभागातही हेच चालते. नोंदवहीत दोन एकर आहे म्हणून आम्ही दोन एकर धरत नाही, फडावर जाऊन पाहतो.

जीवन सोडून बाकीचा विमा, म्हणजे आग, अपघात, वाहन, मालमत्ता यांचा विमा. तो तपासणे अधिक अवघड असते. याला कारणे दोन.

पहिले कारण हप्त्याचे. आपण १ जानेवारीला वर्षाचा हप्ता भरला, तर ३१ मार्चला कंपनीची कमाई फक्त तीन महिन्यांची. उरलेल्या नऊ महिन्यांची जोखीम अजून डोक्यावर आहे. तेवढी रक्कम राखून ठेवावी लागते. ती नफ्यात दाखवली, तर उभा ऊस गाळपात धरल्यासारखे होईल.

दुसरे कारण दाव्यांचे. ट्रॉलीखाली कोणी सापडले, तर भरपाईचा खटला वर्षानुवर्षे चालतो. किती द्यावे लागेल याचा अंदाज कंपनीने आजच करून पैसे बाजूला ठेवायचे असतात. शिवाय अपघात झाला पण कळवला नाही, अशाही दाव्यांची तरतूद लागते. अंदाज कमी धरला की नफा फुगतो. तपासनीस जुन्या फायली काढतो, तेव्हाचा अंदाज आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम ताडून पाहतो. दरवर्षी कमीच धरले असेल, तर खोट तिथे आहे असे समजतो. नाकारलेले दावेही तो चाळतो, कारण खोटे कारण देऊन दावा बुडवणे हीही कमाईची एक वाट आहे.

शेवटी ऐपतीचे माप. कायद्याने कंपनीकडे देण्यापेक्षा जादा मालमत्ता हवी. किमान गरज १०० रुपये असेल तर १५० रुपये हवेत, असा इर्डाचा दंडक आहे. हा दंडक सरकारी कंपन्यांनाही आहे. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या करण्यात आल्या. त्यांपैकी नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तिघींची ऐपत घसरली. तेव्हा २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत केंद्र सरकारने त्यांच्यात १७,४५० कोटी रुपये भांडवल घातले. म्हणजे तपासणीचा आकडा दप्तरात पडून राहत नाही, तिजोरी उघडायला लावतो.

असो. आता आपण काय करायचे?

हप्ता भरताना पॉलिसीचा कागद मागून घ्या. नुसत्या पावतीवर किंवा एजंटाच्या शब्दावर राहू नका. कोणते नुकसान धरले आहे आणि कोणते वगळले आहे, हे मुलाकडून किंवा गटसचिवाकडून वाचून घ्या. नुकसान झाल्यास लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत जागा हलवू नका. दावा नाकारला तर लेखी कारण मागा. कंपनीने दाद दिली नाही, तर इर्डाच्या १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

आपली लेखी तक्रारही तपासनिसाच्या कामाची असते. एका कंपनीविरुद्ध एकाच प्रकारच्या तक्रारी साचल्या, तर कोणती फाईल आधी उघडायची हे त्याला कळते. पारावर बसून कंपनीला शिव्या दिल्या तर ऐकणारा फक्त पार. तेच दोन ओळींत लिहून पाठवले, तर ते योग्य टेबलावर पोहोचते.

गाळप हंगामाच्या तोंडावर वाहनमालक सभासदांनी आपल्या पॉलिसीची मुदत आजच पाहून घ्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी