काढा घ्या, पण दूध सोडू नका

डेक्सा तपासणीत टी-स्कोर उणे १ ते उणे २.५ यांच्या दरम्यान आला, की पुष्कळ घरांत पहिली गदा येते ती दुधाच्या चहावर. त्याच्या जागी गवती चहा, तुळस, आले घालून उकळलेले पाणी येते. हेतू चांगला असला तरी हिशेब चुकतो. पाल्यातले कॅल्शियम पाण्यात फारच थोडे उतरते. उलट १०० मि.लि. दुधातून ते सुमारे १२० मि.ग्रॅ. मिळते. चहाच्या निमित्ताने आईच्या पोटात रोज पाव लिटर दूध जात असेल, तर ते थांबताच ३०० मि.ग्रॅ. कॅल्शियम हातचे जाते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची रोजची गरज १२०० मि.ग्रॅ. मानली आहे, म्हणजे तिचा चौथा हिस्साच गेला! काढा जरूर द्यावा, पण मग दही, ताक, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी यांनी ती तूट भरून काढावी.

कांडवेलीला आपल्याकडे हाडजोडी म्हणतात आणि मोडलेल्या हाडावर ती पूर्वापार वापरली जाते. परंतु तिच्या काढ्याने ठिसूळ हाडांचे मोडणे टळते, असे सिद्ध झालेले नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून तिच्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

ज्येष्ठमधाविषयी अधिक सावध राहावे. ते नित्य घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा धोका आणखी वाढतो. वजन उतरवणाऱ्या तयार चहांत सोनामुखी असू शकते, आणि जुलाबांनी थकलेला म्हातारा माणूस तोल जाऊन पडतो. पाकिटावरील घटक वाचा. (शेजारून आलेल्या पुडीवर तर तेही नसतात.)

हाडांसाठी अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी चालू असल्यास ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबरच घ्यावी. नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये आणि चहा, काढा, दूध काहीही घेऊ नये; अन्यथा औषध अंगी लागत नाही.

झोपताना घेतलेला पेला मध्यरात्री स्नानगृहाकडे नेतो, आणि अंधारात ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडते. म्हणून शेवटचा पेला सायंकाळी सातच्या सुमारास द्यावा आणि वाटेत रात्रभर मंद दिवा ठेवावा.