जुनें रिव्हॉल्व्हर घ्यावें कीं न घ्यावें?

आमच्या कोंकणांत बंदूक ही नवलाची वस्तु नाहीं. आंब्याच्या बागेंत वानरें उतरूं लागलीं किंवा भाताच्या खाचरांत रानडुकरांची धाड आली, म्हणजे ठासणीच्या बंदुकीची आठवण होते. १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या तेराव्या कलमांत पिकाच्या रक्षणासाठीं अशा बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूदच आहे. परवाना असला म्हणून दिसेल त्या जनावरावर बार काढतां येतो असें मात्र नाहीं. त्यासाठीं १९७२ चा वन्यजीवसंरक्षण कायदा निराळा पाहावा लागतो. रिव्हॉल्व्हरची गोष्ट या सर्वांहून वेगळी. बंदूक पिकासाठीं असते, रिव्हॉल्व्हर माणसासाठीं असतें. आणि म्हणूनच तें घरांत आणण्यापूर्वीं दहादां विचार करावा लागतो. असा विचार करण्याचा प्रसंग गेल्या पावसाळ्यांत माझ्या पुतण्यावर, आणि त्याच्यामुळें माझ्यावरहि, आला. त्यांतून जें शिकावयास मिळालें तें इतर कुटुंबांच्याहि उपयोगीं पडेल, या समजुतीनें येथें सांगतों.

माझ्या पुतण्याची बाग रत्नागिरीहून पावसकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. घर वाडीपासून जरा दूर. हंगामांत गड्यांच्या मजुरीची रोकड घरांत असते. दोन वर्षांपूर्वीं एका रात्रीं कोणी मागील दाराची कडी उचकटण्याचा प्रयत्न केला. कुत्रा भुंकला म्हणून निभावलें. तेव्हांपासून पुतण्याच्या मनानें रिव्हॉल्व्हरचा ध्यास घेतला, आणि बऱ्याच खटपटीनंतर त्याला परवानाहि मिळाला.

त्याच सुमारास माझे एक जुने स्नेही वारले. ते सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले होते, आणि त्यांच्यापाशीं .३२ बोअरचें वेब्ली ॲण्ड स्कॉट रिव्हॉल्व्हर होतें. परवानाधारक निवर्तल्यावर त्याचें शस्त्र घरांत ठेवतां येत नाहीं. तें विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें, असें कायद्याचें एकविसावें कलम सांगतें. २०१६ च्या नियमांप्रमाणें वारसाला स्वतःच्या नांवें परवाना मागतां येतो. पण त्यांचा मुलगा परगांवीं स्थायिक झालेला, त्याला ती जोखीम नको होती. त्यानें शस्त्र घाटावरील एका विक्रेत्याकडे जमा केलें. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, त्यांची वस्तु कोणा परक्याकडे जाण्यापेक्षां तुमच्या पुतण्याकडे गेली तर मला बरें वाटेल.” मित्राच्या पत्नीचा हा शब्द मोडवेना. शाळेंत मी शिकवीत असें संस्कृत, पण बरींच वर्षें एन्. सी. सी. चें कामहि माझ्याकडे होतें. त्यामुळें ‘काकांना शस्त्रांतलें कळतें’ असा आमच्या घरांत समज आहे. तेव्हां परीक्षेला मीच निघालों.

वेब्लीचें नांव मोठें, यांत शंका नाहीं. बर्मिंगहॅमच्या या घराण्याचें रिव्हॉल्व्हर १८८७ सालीं ब्रिटिश सैन्यानें स्वीकारलें आणि त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या दोन्ही महायुद्धांत वापरल्या गेल्या. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें सामान्य हिंदी माणसाला परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली होती. त्या कायद्याविरुद्ध काँग्रेसनें १८८७ च्या मद्रास अधिवेशनांत ठरावहि केला होता. त्यामुळें ज्या घरीं साहेबी रिव्हॉल्व्हर असे, त्या घराचा दराराहि असे. आमच्या पिढीच्या मनांत त्या दराऱ्याचा अंश अजून उरला आहे. विकत घेणाऱ्यानें पहिली सावधगिरी बाळगावी ती याचीच. आपण शस्त्र घेत आहों कीं दरारा, हें आधीं स्वतःला विचारावें.

विक्रेत्यानें रिव्हॉल्व्हर पुढें ठेवलें. तें रिकामें असल्याची प्रथम खात्री करून घेतली. ही संवय कधींहि सोडूं नये. खिटी दाबली कीं नळी पुढें झुकून मागचें सहा घरांचें चक्र उघडें पडतें, अशी या जातीची रचना. पण तें मिटल्यावर नळी आणि मूठ यांमध्यें स्पष्ट हालचाल जाणवली. वर्षानुवर्षांच्या उघडझापीनें खिटी झिजली होती. बार उडण्याच्या क्षणीं सारा जोर या खिटीवरच येतो. नंतर घोडा चढवून पाहिलें, तर चक्र डावीकडे उजवीकडे डुलत होतें. चक्राचें घर आणि नळीचें तोंड एका रेषेंत आलें नाहीं, तर गोळी नळीच्या कडेवर घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. ते झाडणाराच्या हाताला किंवा शेजारीं उभें असणाराच्या डोळ्याला लागूं शकतात. नळींतून उजेड पाहिला, तर आंत गंजाचे खड्डे दिसले.

हा गंज कोठून आला, याचा उलगडा मागाहून वहिनींकडून झाला. दर खंडेनवमीला रिव्हॉल्व्हरची पूजा होई. त्यावर पाणी शिंपडलें जाई, हळदकुंकू वाहिलें जाई, फूल ठेवलें जाई. आणि मग तें तसेंच चामड्याच्या म्यानांत घालून कपाटांत जाई. आमची हवा खारी, आणि चामडें ओल धरून ठेवणारें. शस्त्राची पूजा वर्षांतून एकदां झाली, पण त्याला तेलाचा हात मात्र कधींच लागला नाहीं. भक्ति पुष्कळ आणि निगा शून्य, हा दोष आपल्या घरांत केवळ शस्त्रांपुरताच असतो असें नाहीं.

“दुरुस्त करून देऊं,” विक्रेता म्हणाला. कमान नवी बसवतां येते, हें खरें. पण वेब्ली ॲण्ड स्कॉटनें १९७९ मध्येंच बंदुका करण्याचें काम बंद केलें. मूळ सुटे भाग आतां दुसरें एखादें मोडकें रिव्हॉल्व्हर मिळालें तरच मिळावयाचे. नाहीं तर झिजलेल्या खिटीवर धातु झाळून भरावयाचा आणि कानशीनें घासून बसता करावयाचा. तापवलेल्या पोलादाचें पाणी उतरलें, तर तो भाग दिसावयास नवा आणि कामाला कच्चा होतो.

याहून मोठी अडचण काडतुसांची निघाली. .३२ म्हटलें कीं सर्व काडतुसें एकच, असा सामान्य समज आहे. पण स्मिथ ॲण्ड वेसनचीं आंखूड आणि लांब अशीं दोन निरनिराळीं काडतुसें आहेत. आंखुडाचें कवच सुमारें १५ मिलिमीटर, लांबाचें सुमारें २३. आपल्याकडे खडकीच्या कारखान्यांत होतें तें लांब. आणि या रिव्हॉल्व्हरच्या घरांत बसे तें केवळ आंखूड. “घरें खोलवून देतों,” असा त्यावर विक्रेत्याचा उपाय! ही दुरुस्ती नव्हे. हा फेरबदल झाला. आंखूड काडतुसाच्या जोरासाठीं घडवलेल्या जुन्या पोलादांत अधिक दारूचा बार भरावयाचा, म्हणजे घोड्याच्या गाडीला रेल्वेचें इंजिन जोडण्यासारखेंच झालें. दुकानांतील वृद्ध कारागीर तोंडानें कांहीं बोलला नाहीं. पण मी पाहिलें तेव्हां त्यानें हळूच मान हलविली.

किंमत मात्र लाखांच्या घरांत सांगितली गेली. यांत आश्चर्य नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत खाजगी व्यक्तींना परदेशी शस्त्रें आणण्याची वाट बंद झाली, त्यामुळें येथें असलेल्या जुन्या परदेशी शस्त्रांना दुर्मिळतेची किंमत आली. ती किंमत उपयुक्ततेची नव्हे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीला दोनहून अधिक शस्त्रें ठेवतां येत नाहींत. पुतण्याकडे वडिलोपार्जित ठासणीची बंदूक आहेच. म्हणजे उरलेली एकुलती एक जागा या गंजलेल्या वस्तूनें अडविली असती.

इतकें सर्व सांगूनहि पुतण्याचें मन निघेना. म्हणाला, “काका, चोराला काय ठाऊक खिटी झिजलेली आहे तें? नुसतें दाखविलें तरी पळेल.” तेव्हां इतका वेळ गप्प बसलेली सूनबाई म्हणाली, “काका, मला एवढेंच सांगा. हें कुलपांत ठेवलें, तर चोर दारांत आल्यावर किल्ली शोधायची कोणीं? आणि उशाशीं ठेवलें, तर आपला बाळ सात वर्षांचा आहे. तो कपाटावर चढतो हें तुम्हीं पाहिलें आहे.”

या प्रश्नाचें उत्तर माझ्या परीक्षेंत कोठेंच नव्हतें. मला रामायणाच्या अरण्यकांडांतील एक कथा आठवली. ती सीतेनेंच रामाला सांगितली आहे. एका तपस्व्याच्या आश्रमांत इंद्र योद्ध्याच्या वेषानें आला आणि आपलें खड्ग ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव जपली पाहिजे, म्हणून तपस्वी फळेंमुळें आणावयास जातांनाहि तें बरोबर नेऊं लागला. होतां होतां त्याची बुद्धि पालटली, तप सुटलें आणि तो क्रूरकर्मा झाला. हातांतील शस्त्र मनाला हळूहळू आपल्यासारखें करतें, एवढेंच सीतेला सुचवावयाचें होतें. मीं ती कथा सांगितली, तेव्हां पुतण्या खालीं पाहात राहिला. ‘नुसतें दाखवूं’ म्हणणारा माणूस अंधारांत आवाज झाल्यावर काय करील, हें त्याचें त्यालाच सांगतां येईना.

व्यवहार मोडला. मागील दाराला लोखंडी पट्टीचा अडसर बसला, अंगणांत दिवे लागले, दुसरा कुत्रा आला, आणि मजुरी बँकेंतून देण्याची व्यवस्था झाली. पुढें कधीं शस्त्र घ्यावयाचेंच ठरलें, तर तें नवें आणि काडतुसें सहज मिळणारें घ्यावें, आणि त्यापूर्वीं मूल मोठें व्हावें, असें घरांत ठरलें.

वहिनींना हें सांगावयास जातांना माझे पाय जड झाले होते. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “चाळीस वर्षांत त्यांनीं तें एकदांहि झाडलें नाहीं. मला वाटे, तें घरांत आहे म्हणून आम्ही सुखरूप आहों. आतां कळतें कीं तें झाडावें लागलें नाहीं, हेंच आमचें सुख.” नंतर त्यांनीं मुलाकडून तें सरकारजमा करविलें.

ज्यांच्या घरीं असें जुनें शस्त्र विकत घेण्याचा किंवा वारशानें येण्याचा प्रसंग येईल, त्यांनीं चार गोष्टी पाहाव्या. शस्त्रावरील क्रमांक परवान्याच्या नोंदीशीं जुळतो काय? त्याचीं काडतुसें आज मिळतात काय? त्याचे सुटे भाग कोणी करतो काय? आणि खाजगी व्यवहार असेल, तर विकणारानें लेखी सूचना देऊन कायद्याचे पंचेचाळीस दिवस जाऊं दिले आहेत काय? या चारांचें उत्तर ‘होय’ आलें, तरी पांचवा प्रश्न उरतोच, आणि तो घरांतील गृहिणीला विचारावा: हें आपण ठेवणार कोठें?