वाकळीवर शेवटचा हात



गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकी अनेकांनी आमच्या शिवण वर्गाकडून वाकळी मागवल्या. कुणाला नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी लहानशी हवी होती, कुणाला मुलीच्या लग्नात द्यायला. एका मंडळीने नव्या सभागृहाच्या भिंतीसाठी चार बाय सहा फुटांची सांगितली. मागणी देताना आकार आणि रंग ठरतात, आणि बोलणे संपता संपता एक वाक्य हमखास येते, "किनार वगैरे शेवटी बघू." हा लेख त्या वाक्यासाठी आहे. कारण वाकळीत किनार शेवटी येतच नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, तुमची गोधडी तीच आमच्या कोल्हापूरकडची वाकळ. दुकानातली रजई आधी भरतात, मग शिवतात आणि सर्वांत शेवटी कडेने पट्टी मारून बंद करतात. वाकळ याच्या उलट चालते. जमिनीवर जुने लुगडे ताणून अंथरायचे, त्यावर धोतर, चादरी, फाटक्या साड्या यांचे थर द्यायचे, वर ठिगळे मांडायची. मग चारी कडा आत दुमडून एका कोपऱ्यापासून धावदोरा सुरू होतो. कडेने एक फेरी पूर्ण झाली की तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. चौकोन लहान लहान होत जातो आणि शेवटचा टाका मधोमध पडतो. म्हणजे पहिल्याच दिवशी किनार होऊन जाते. महिनाभराने "कडेला सोनेरी जर लावाल का?" असे कुणी विचारले, तर बाईला पहिल्या दोन-तीन फेऱ्या उसवाव्या लागतात. ते दिवस तिच्या मजुरीत कोण धरतो? आता आम्ही धरतो, आणि म्हणून बिलही वाढते. रागावू नका.

जरीचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकते. वाकळीला जर शोभत नाही असे माझे मत आहे, पण मत बाजूला ठेवा. जरीची तार कडक असते, तिच्या घर्षणाने शेजारचे जुने सुती कापड कातरते. शिवाय ती काळी पडते. किनार मागायची असेल तर सुती कापडाचा गोट मागा. इरकली लुगड्याचा काठ मिळाला तर त्याहून चांगले, तो मुळातच घट्ट विणलेला असतो. गोल कोपरे हवे असतील तर पट्टी उरेब कापावी लागते, नाही तर वळणावर चुण्या पडतात. चौकोनी कोपऱ्याला सरळ पट्टी चालते, फक्त कोपऱ्यावर तिरकी घडी नीट बसवायची.

कडेवर एवढा जोर का, हे पाहायचे असेल तर दसऱ्याच्या आधी नदीवर जावे. आमच्याकडे घटस्थापनेपूर्वी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुवायला निघते. भिजलेली वाकळ दोघींनी धरून पिळायची, दगडावर आपटायची. सगळा ताण कडेवर येतो. कड टिकली तर वाकळ टिकते. निर्गम २८ मध्ये महायाजकाच्या झग्याचे वर्णन वाचा. घेराला डाळिंबे आणि सोन्याची घुंगरे सांगितली आहेत, ती आपल्या लक्षात राहतात. पण त्याच्या आधीच्याच वचनात गळ्याच्या भोकाभोवती विणीचा गोट घालायला सांगितले आहे, तो फाटू नये म्हणून. आधी मजबुती, मग घुंगरे. आमच्या बायकांना हा क्रम कुणी शिकवावा लागला नाही.

अस्तराबद्दलही असेच. मागून गुळगुळीत सॅटिन हवे, अशी मागणी येते. सॅटिन सुईखाली सरकते, टाके एका रेषेत राहत नाहीत. त्यात सुती कापड पहिल्या धुण्याला आटते आणि पॉलिस्टर आटत नाही, मग सगळी वाकळ गोळा होते. मागे धुतलेले जुने सुती लुगडेच राहू द्या.

मग शेवटी ठरवण्यासारखे उरते तरी काय? कोपरे, मधला चौकोन, पाठीवरचे नाव आणि लटकवण्याची सोय.

कोपऱ्यांची गोष्ट सांगायला थोडे सीमेपलीकडे जावे लागेल. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी बांधव राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. या जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्यात हिंदू, मुस्लिम आणि कॅथलिक ख्रिस्ती असे तिन्ही आहेत. त्यांच्या स्त्रिया अशीच कडेपासून आत शिवत जाणारी गोधडी करतात, तिला कवंदी म्हणतात. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या एकावर एक बसवतात, त्याला फूल म्हणतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. हेन्री ड्रूअल या अमेरिकन अभ्यासकाने या कामाची ओळख बाहेर करून दिली. कॅथलिक घरांतल्या काही कवंद्यांवर क्रूसही दिसतो, मुस्लिम घरांत चंद्रकोर. मला यातले एवढेच सांगायचे आहे की कोपरा म्हणजे शिवणारीची जागा. आमच्या वर्गातल्या बायकांना मी ही फुले दाखवली, तेव्हा दोघींनी ती उचलली. तिसरी म्हणाली, "ताई, माझ्या आईनं कोपऱ्यावर खणाचा तुकडाच घातला, मी बी त्योच घालणार." तिच्या वाकळीला खणाचाच कोपरा आहे. कोपऱ्यासाठी तुम्ही नमुना पाठवू नये, अशी माझी विनंती आहे.

मधला चौकोन मात्र तुमचा. टाके जिथे संपतात तिथे हातभर जागा आधीपासून मोकळी ठेवता येते. ज्यांना क्रूस हवा आहे त्यांनी तो इथे घ्यावा, साध्या सुती कापडाचा, एका रंगात. सभागृहाच्या मागणीत पूर्ण वचन मोठ्या अक्षरांत भरून हवे होते. धावदोऱ्याच्या रांगांवर अक्षरे वाचता येत नाहीत, आणि आमच्या निम्म्या बायका आता कुठे अक्षर ओळखू लागल्या आहेत. वचन लाकडी पट्टीवर लिहून शेजारी लावा, असे मी सुचवले. त्यांनी मानले.

आता एक नाजूक गोष्ट. जोतिबाच्या परिसरातले जुने कापड म्हटले की त्यावर गुलाल आलाच. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत डोंगरावर गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, वाडी रत्नागिरीची वाट गुलाबी होऊन जाते. तिथे नारळ-खोबरे विकणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या बायकांच्या साड्यांवर तो रंग कायमचा बसतो. भिंतीच्या वाकळीत असा एक फिकट गुलाबी तुकडा होता. फोटो पाहून एका भावाने कळवले की उपासनेच्या जागी तो नको, कापून काढा. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याविषयी पौलाने करिंथकरांना जे लिहिले ते मला आठवले. मूर्ती काही नाही हे ठाऊक असूनही तो दुर्बळ भावाच्या विवेकबुद्धीला जपतो. म्हणून मी त्या भावाला हसले नाही. पण तो तुकडा एका विधवा बाईच्या रोजच्या साडीचा होता, आणि त्याच साडीवर तिने मुले वाढवली. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका ख्रिस्ती नाहीत. त्या आपल्यासाठी शिवतात आणि आपण त्यांच्या अंगावरचे कापड निवडून फेकावे, हे मला पटत नाही. आम्ही पाळकांशी बोललो आणि तुकडा राहिला. ज्यांना खरोखर अडचण वाटते त्यांनी कापड मांडायच्या दिवशी सांगावे, आम्ही दुसरे लावू. शिवून झाल्यावर नको. धुताना मात्र काळजी घ्या. गुलालाचा रंग सुटू शकतो, पहिल्या दोन-तीन वेळा वाकळ थंड पाण्यात वेगळी धुवा.

भिंतीवर लावायची असेल तर खिळे ठोकू नका. मागे वरच्या कडेला चार इंच रुंदीची कापडी नळी शिवून घ्या, तीतून दांडी घाला. वजन सगळ्या रुंदीवर सारखे पडते. काचेत बंद करू नका, दमट हवेत बुरशी धरते. समोर ऊन येत असेल तर दुसरी भिंत शोधा.

राहिले पाठीवरचे नाव. मागणी देणारे पुष्कळदा मंडळीचे आणि देणगीदाराचे नाव सांगतात, शिवणारीचे सुचत नाही. निवासमंडपाचे काम ज्याने केले त्या बसालेलाची ओळख पवित्र शास्त्रात बापाच्या नावासह, आजोबांच्या नावासह आणि वंशासह दिली आहे. यापोच्या विधवांनी रडत रडत पेत्राला दुर्कसने केलेली वस्त्रे दाखवली, ती कुणी केली हे त्यांना सांगता आले. म्हणून आम्ही आता खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढी सुती पट्टी लावतो, तिच्यावर शिवणारीचे नाव, वाडी आणि वर्ष. आधी तिला विचारतो, कारण काहींना नाव नको असते. सभागृहाची वाकळ शिवणाऱ्या बाईंनी स्वतःचे नाव नको म्हटले. खालचे लुगडे आईचे होते, तर आईचे घाला म्हणाल्या. पट्टीवर तेच नाव आहे.

पुढच्या मागण्या पाठवताना किनारीचा रंग पहिल्याच पत्रात कळवा, नाव-पट्टीसाठी जागा सोडा. चैत्र यात्रेच्या महिन्यात आणि भात लावणीच्या दिवसांत शिवण बंद असते, तेव्हा नाताळसाठी हवी असल्यास पावसाळा संपताच सांगा. वर्गात येणाऱ्या बायकांपैकी तिघींना डोळ्यांचा त्रास आहे, एकीची शस्त्रक्रिया ठरली आहे. आपल्या प्रार्थनेत त्यांची आठवण असू द्या.