झिपऱ्या गायींच्या मुलखात

मुलगा किंवा लेक-जावई इंग्लंडात नोकरीला आहेत अशी घरं आता आपल्या लहानमोठ्या गावांतूनही सापडतात. मे-जूनमध्ये आईवडिलांचं तिकडे जाणं होतं. लंडन पाहून झालं की पुढचा बेत ठरतो तो स्कॉटलंडचा. तिथून परतणाऱ्यांच्या सामानात एक गाय हमखास असते. तांबूस केसांची, डोळ्यांवर झिपऱ्या आलेली, लांबलचक शिंगांची! कधी ती चहाच्या मगवर असते, कधी टॉवेलवर, कधी बिस्किटांच्या डब्यावर. "अशी गाय खरंच असते का हो?" असं विचारलं तर मात्र बरीच मंडळी सांगतात, "आम्हाला काही दिसली नाही बाई. बसमधून लांबवर एक दिसल्यासारखी वाटली, तेवढीच."

इतक्या लांब जाऊन गाय पाहायची ती डब्यावरच, ही काही बरी गोष्ट नाही. तेव्हा तुमचा किंवा तुमच्या घरातल्या कुणाचा तिकडे जायचा बेत असेल, तर ही गाय कुठं भेटेल आणि भेटल्यावर आपण कसं वागावं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

ही गाय आहे तरी कशी?

तिचं नाव हायलंड गाय. स्कॉटलंडच्या उत्तरेचा आणि पश्चिमेचा डोंगराळ मुलूख म्हणजे हायलंड्स. तो मुलूख आणि त्यापलीकडची बेटं हे तिचं माहेर. तिथले लोक लाडानं तिला 'हीलन कू' म्हणतात. तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ लोकर आणि वर लांब, तेलकट केस. हे वरचे केस फूटभर वाढतात. पाऊस त्यांवरून निथळून जातो आणि आतली लोकर कोरडी राहते. डोळ्यांवरच्या झिपऱ्यांमुळे वारा आणि माश्या यांपासून डोळ्यांचं रक्षण होतं. म्हणजे जी आपल्याला नटवेगिरी वाटते ती खरी तिची घोंगडी आहे!

आपल्याकडेही असा प्रकार आहे बरं का. इगतपुरी-अकोल्याकडच्या धो धो पावसात राहणाऱ्या डांगी गायीची कातडी अशीच तेलकट असते. मुलूख वेगळा, पण पावसावर निसर्गानं काढलेला तोडगा एकच.

रंग फक्त तांबडाच असतो असंही नाही. काळ्या, पिवळसर, करड्या, पांढऱ्या, पट्टेदार अशा सगळ्या रंगांच्या हायलंड गायी असतात. शिंगं गायीला आणि वळूला, दोघांनाही. वळूची शिंगं पुढं वळलेली, तर गायीची अधिक लांब आणि वर गेलेली. गाय साधारण ५०० किलोची आणि वळू ८०० किलोपर्यंतचा. आपण कळप म्हणतो, पण या गायींच्या कळपाला तिथं 'फोल्ड' असा खास शब्द आहे. रात्री गुरं कोंडायच्या दगडी कोंडवाड्यावरून तो पडला. या गायींची संस्था १८८४ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या वंशावळीची पहिली वही छापली गेली.

घरधनिणीची गाय

आज ही गाय चित्रातली बाहुली झाली आहे, पण एके काळी ती तिथल्या गरीब घराचा आधार होती. ती दूध थोडं देई, पण त्यात स्निग्धांश भरपूर. उन्हाळा आला की बायका आणि मुलं गुरं घेऊन डोंगरावरच्या कुरणांत जात, तिथं दगडमातीच्या खोपटांत राहत, आणि लोणी-चीज करून साठवत. धार काढताना गाणी म्हणत. गाणं म्हटल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही अशी समजूत होती. अलेक्झांडर कारमायकेल या गृहस्थांनी अशी पुष्कळ गाणी खेडोपाडी हिंडून गोळा केली आणि १९०० साली छापली. आपल्या जात्यावरच्या ओव्यांची आठवण होते की नाही?

आणखी एक गोष्ट वाचून तर मला फार आपलेपणा वाटला. वासरू दगावलं की गाय पान्हा चोरते. मग त्याच वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढं ठेवायचं, ही रीत आपल्या खेड्यांत होती. स्कॉटलंडातही अगदी हीच रीत! त्या पेंढ्याच्या वासराला तिथं 'तुल्खन' म्हणत.

घरातली वाढती जनावरं विकून वर्षाचं भाडं भागायचं. गुराखी ती पायी हाकत दक्षिणेतल्या फॉलकर्कच्या बाजाराला नेत. स्काय बेटावरून येणारी गुरं कायलरी इथं होडीमागून, एकीच्या शेपटीला दुसरीचा जबडा दोरीनं बांधून, खाडी पोहून पार करवत. पुढं जमीनदारांना मेंढ्यांत जास्त पैसा दिसू लागला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून शेसव्वाशे वर्षांत गावंच्या गावं उठवली गेली. माणसं गेली, त्यांची गुरंही गेली. आज ज्या मोकळ्या माळावर आपण गायीचा फोटो काढतो, तिथं कुणाची तरी चूल होती, एवढं मनात असावं.

कुठं भेटेल?

वेळ थोडा असेल तर ग्लासगो शहरातच भेटेल. तिथलं पोलॉक कंट्री पार्क हे मोठं उद्यान १९६६ साली एका घराण्यानं शहराला दिलं. त्यात नगरपालिकेचा हायलंड गायींचा कळप आहे. ग्लासगो सेंट्रल स्थानकावरून पोलॉकशॉज वेस्टला जाणारी लोकल पकडायची आणि तिथून पायी जायचं. कुंपणाबाहेरून गायी निवांत पाहता येतात. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना हे ठिकाण सगळ्यांत सोयीचं. त्याच उद्यानात बरेल संग्रहालय आहे. प्रवेश फुकट आहे, पाऊस आला तर आत शिरावं!

एडिंबरा किंवा ग्लासगोहून एका दिवसाच्या सहलीला जाणाऱ्या बसगाड्या बहुधा कॅलंडर गावावरून जातात. त्याच्या अगदी जवळ किल्महोग म्हणून वस्ती आहे. तिथल्या लोकरीच्या दुकानाशेजारच्या कुरणात हॅमिश नावाचा हायलंड बैल पुष्कळ वर्षं होता. १९९६ साली 'मॅड काऊ' रोगाच्या धास्तीनं तीस महिन्यांवरच्या जनावरांचं मांस विकायला बंदी आली. त्या गडबडीत हॅमिशवरही पाळी आली होती, पण लोकांनी आवाज उठवून त्याला वाचवलं. २०१४ साली तो म्हातारा होऊन गेला. त्याच्यामागं त्या कुरणात दुसऱ्या हायलंड गायी आल्या.

चार-पाच दिवस हाताशी असतील तर मात्र पश्चिमेला जावं. फोर्ट विल्यमजवळचं ग्लेन नेव्हिस हे खोरं, आणि त्याहूनही मल आणि स्काय ही बेटं, इथं या गायी आपल्या मूळच्या घरात दिसतात. मलला ओबन बंदरातून बोटीनं जायचं. पाऊण तासाचा प्रवास. पुढचा रस्ता एकाच गाडीपुरता, मध्ये मध्ये बाजूला थांबायला जागा केलेल्या. रस्त्यात गाय बसलेली असली तर भोंगा वाजवायचा नाही, ती उठेपर्यंत थांबायचं. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाकडे आर्डालॅनिश इथं हायलंड गायी पाळणारी शेती आहे आणि सोबत लोकरीच्या कापडाचे मागही. विणकामाची आवड असणाऱ्यांनी हे ठिकाण चुकवू नये.

स्कायला आता पुलावरून गाडीनं जाता येतं. ब्रॉडफर्डहून एल्गोलकडे जाणारा रस्ता धरावा. डावी-उजवीकडे डोंगर, आणि कुरणांत, कधी थेट रस्त्यावर, या गायी. याच रस्त्यालगत एक पडकं देऊळ, म्हणजे जुनं चर्च, लागतं. त्याच्यापासून पायवाटेनं गेलं तर बोररेग आणि सुइश्निश या उठवलेल्या गावांचे अवशेष आहेत. १८५३ च्या सुमारास तिथली माणसं घराबाहेर काढली गेली. भिंती अजून कमरेइतक्या उभ्या आहेत. चालवत असेल त्यांनी ते जरूर पाहून यावं.

ऐन ऑक्टोबरात जाणं झालं तर ओबनला हायलंड गुरांचा जुना बाजार भरतो. फेब्रुवारीतही भरतो. जूनमध्ये एडिंबराजवळ इंगलिस्टनला रॉयल हायलंड शो हे मोठं शेतकी प्रदर्शन असतं. न्हाऊमाखू घातलेल्या, केस विंचरलेल्या गायी तिथं पाहाव्यात. आपल्या पोळ्याच्या बैलांसारखा थाट!

आणि ज्यांची मुलं हॉलंडात आहेत त्यांनी हिरमुसायचं कारण नाही. ॲमस्टेलफेनला आपली पुष्कळ मंडळी राहतात. त्या गावाला लागूनच ॲमस्टरडॅमचं जे मोठं वन आहे, तिथंही हायलंड गायी आहेत. आर्नेमजवळच्या फेलुवेझोम राष्ट्रीय उद्यानात तर त्या मोकळ्या हिंडतात. राठ गवत आणि झुडपं खाऊन त्या माळ मोकळा राखतात, म्हणून डच लोकांनी त्यांना मुद्दाम आणून सोडलं. तिथं कुंपण मध्ये नसतं, तेव्हा निदान २५ मीटर लांब राहायचं.

फोटो जरूर, पण बेतानं

दिसायला गरीब असली तरी ही गाय पाळीव मांजर नव्हे. आपण जातो त्या मे-जूनमध्ये तिच्यापाशी लहान वासरू असण्याचा संभव फार. वासरू कापसाच्या गोळ्यासारखं गोजिरवाणं दिसतं आणि मुलं धावतात. पण गाय आणि वासरू यांच्या मधे कधीही जायचं नाही. ज्या कुरणात वासरं आहेत ते टाळून बाहेरच्या वाटेनं जावं. गाय मान खाली घालून रोखून पाहू लागली, पाय आपटू लागली, तर सावकाश मागं सरावं. पळू नये. बरोबर कुत्रा असेल तर दोरी आखूड धरावी.

स्कॉटलंडात २००३ च्या कायद्यानं कुणालाही रानामाळातून पायी हिंडायचा हक्क आहे, पण तो जबाबदारीनं वागणाऱ्याला. फाटक जसं असेल तसंच ठेवून जायचं. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. त्या गायीमागं कुणी तरी कष्टकरी कुटुंब आहे, आणि एका उघड्या राहिलेल्या फाटकापायी त्यांची अख्खी संध्याकाळ गुरं शोधण्यात जाते.

एक गोष्ट मुलांनाही आधीच सांगून ठेवावी. ही गुरं तिथं मुख्यतः मांसासाठी पाळतात. दुकानात तिचं चित्र आणि हॉटेलात तिचं मांस, हे शेजारी शेजारी दिसतं. आपल्याला ते खुपतं, पण यजमानाच्या अंगणात उभं राहून त्यावर वाद घालू नये.

गोग्रासाचा मोह आवरा

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गाय दिसली की आपला हात आपसूक डब्याकडे जातो. डब्यातली पोळी तिच्या तोंडाशी धरली की आपल्याला बरं वाटतं. पण तिकडे स्वयंपाकघरातून आलेलं अन्न गुरांना घालणं कायद्यानं बंद आहे, आणि त्याला कारण तसंच आहे.

२००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकताची साथ आली. हा रोग आपल्या शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. परदेशातून आलेल्या मांसाचा अंश असलेलं, नीट न शिजवलेलं उष्टं-खरकटं डुकरांना घातलं गेलं आणि तिथून साथ पसरली, असं चौकशीत दिसून आलं. साथ थोपवण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. किती तरी घरांचे गोठे एका दिवसात रिकामे झाले. रोग आपल्या देशात अजून आहे, त्यांच्याकडे नाही. म्हणूनच इथून जाताना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, पनीर घरीच ठेवावं. लेकीसाठी न्यायचंच तर चिवडा, लसणाची चटणी, शेंगदाण्याची पोळी असं काही न्यावं. तूप-खवा नको. इथल्या गोठ्यात वापरलेल्या चपला-बूट तिकडे नेऊ नयेत, किंवा नेण्याआधी स्वच्छ धुवावेत.

जाताना एवढं बरोबर असू द्या

• पाणी आत न शिरणारा कोट. छत्री वाऱ्यानं उलटते, तिचा उपयोग नाही.
• घट्ट, उंच बूट. कुरणं ओली आणि चिखलाची असतात. साडीपेक्षा सलवार किंवा पँट बरी.
• उन्हाळ्यात तिथं 'मिज' नावाची बारीक चावरी चिलटं थव्यानं येतात. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला लावायचं औषध हवंच.
• दुर्बीण असली तर उत्तम. लांबूनही झिपऱ्यांआडचे डोळे दिसतात.
• जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. संध्याकाळचं जेवण लवकर उरकून निघालं तरी भरपूर वेळ मिळतो.

कुंपणाच्या अलीकडे उभं राहून, हात जोडून नमस्कार केला तरी तो तिला पोचतोच. गोग्रास मात्र परत आल्यावर आपल्या दारातल्या गायीला द्यावा.