धातूची साक्ष आणि कामगाराची भाकरी



सराफ कसोटीवर सोने घासण्याआधी दगड पुसून घेतो. एवढी साधी गोष्ट आमच्या चिकलठाणा-वाळूजच्या कारखान्यांत कधी कधी विसरली जाते आणि तिची किंमत कामगार मोजतो.

आज पिस्तुलाच्या आकाराचे क्ष-किरण यंत्र धातूला टेकवले की काही सेकंदांत क्रोमियम किती, निकेल किती, हे पडद्यावर उमटते. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या खुणेचे किरण परत फेकते. या किरणांचा नियम मोस्ले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ साली शोधला. यंत्र त्या खुणा ओळखते आणि मोजते.

पण ते पाहते धातूचे कातडे, काळीज नव्हे. पोलादात ही खोली बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. वर जस्ताचा मुलामा, रंग किंवा गंज असेल, तर यंत्र त्याचीच साक्ष देते.

एका कारखान्यात ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या सळयांत क्रोमियम कमी दिसले. ते सुमारे १८ टक्के हवे. माल बदलल्याचा आळ स्टोअरमधील कामगारावर आला आणि तो घरी बसला. आम्ही विचारले, सळई घासली कशाने? साध्या लोखंडावर फिरवलेल्या ग्राइंडरच्या चाकाने! लोखंडाचा कीस सळईवर बसला होता. नव्या चाकाने घासून पुन्हा पाहिले, प्रमाण जुळले आणि कामगार परत आला.

तेव्हा जागा स्वच्छ घासावी आणि यंत्राचे तोंड सपाट टेकवावे. पातळ पत्र्यामागे दुसरा धातू ठेवू नये. पाळीच्या आरंभी माहीत असलेल्या नमुन्यावर यंत्र तपासावे. घाई करू नये. चौपट वेळ दिला, तर आकड्यांतील चढउतार निम्मा होतो. तुकडा हातात धरून किरण सोडू नयेत, कारण बोटेही शरीराचीच आहेत.

आणखी एक. कार्बन या यंत्राला दिसत नाही. ३०४ आणि ३०४ एल यांतील भेद मुख्यतः कार्बनचाच. तो पाहण्यास ठिणगी पाडून तपासणारे यंत्र लागते.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. खोटा माल पकडला गेलाच पाहिजे. त्या धातूच्या भांड्याशेजारी आमचाच माणूस उभा असतो. आमचे मागणे एवढेच, की कुणावर बोट ठेवण्यापूर्वी त्याच्यासमक्ष धातू पुन्हा घासावा आणि पुन्हा मोजावा. साक्षीदाराची उलटतपासणी झाल्यावाचून निकाल देऊ नये.