नागपूरचं ऊन आणि कॅमेऱ्याची शाळा

मे महिन्याची 26 तारीख. नवतपा नुकताच लागलेला, नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास. दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमाराला झिरो माइलच्या खांबाजवळ उभं राहा आणि आपली सावली शोधा. सापडणार नाही, कारण ती बरोबर पायाखाली असते. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण 21.15 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य इथे वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. दुसरी खेप 17 जुलैच्या आसपास येते, पण ती बहुधा ढगांतच जाते.

खगोलप्रेमी या शून्यसावलीचं कौतुक करतात. सिनेमॅटोग्राफी शिकणाऱ्या पोराला मात्र याच वेळी घाम फुटतो, आणि तो नुसता उकाड्याने नाही. समोर उभ्या माणसाचा चेहरा कॅमेऱ्यातून पाहिला, की कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढराफटक, भुवयांखाली दोन काळे खड्डे आणि नाकाची सावली थेट ओठांवर. डोळे दिसतच नाहीत. आणि डोळे दिसले नाहीत तर नट काय करतोय ते प्रेक्षकाला कळणार कसं?

आता याच जागी 22 डिसेंबरला या. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त 45 अंशांवर असतो. तुमची सावली जवळजवळ तुमच्या उंचीएवढी पडते. यातली गंमत अशी, की चेहऱ्यावरचा मुख्य दिवा, म्हणजे की लाइट, साधारण 45 अंशांच्या उंचीवर ठेवावा, असं या विषयाचा पहिला धडा सांगतो. तेवढ्या कोनातून आलेला उजेड डोळ्यांत पोचतो, गालाला गोलाई देतो आणि नाकाची सावली आवरती ठेवतो. स्टुडिओत त्यासाठी स्टँड, दिवे आणि जनरेटर लागतात. नागपुरात डिसेंबरातला सूर्य तेच काम भर दुपारी फुकटात करतो. फक्त नटाला कुठल्या बाजूला तोंड करून उभं करायचं, ते कळलं पाहिजे.

मग मे महिन्यात शूटिंग करायचंच नाही का? करायचं, पण उन्हाला वळण लावून. डोक्यावर स्किमर, म्हणजे चौकटीवर ताणलेलं पांढरं कापड धरलं, की ऊन गाळून खाली येतं आणि सावल्यांची धार मोडते. खालून पांढरं थर्माकोल दाखवलं, की जमिनीकडे जाणारा उजेड उलटून डोळ्यांच्या खोबणीत शिरतो. लाइटदादा ते थर्माकोल वीतभर वर-खाली करतात, तेवढ्यात माणसाचं वय पाच वर्षांनी कमी-जास्त झाल्यासारखं वाटतं. सिग्नलवर बांधलेल्या हिरव्या जाळीखाली मात्र हा खेळ फसतो. सावली मिळते, पण चेहऱ्यालाही हिरवी झाक येते. डोळा ती दुर्लक्षून टाकतो, कॅमेरा टाकत नाही.

उजेड असा परतवून वापरायची युक्ती भारतीय सिनेमात गाजली ती सुब्रत मित्र यांच्यामुळे. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (1956) बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. वरून पांढरं कापड ताणून त्यावर खालून दिवे मारले आणि गल्लीतल्या घरात झिरपणारा आभाळाचा मऊ उजेड तयार झाला.

दुसरा धडा हिशेबाचा. आजच्या बहुतेक सिनेकॅमेऱ्यांची संवेदनशीलता 800 आयएसओच्या आसपास असते आणि प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागापुरता उजेड घेते. चेहरा स्पष्ट आणि मागची गर्दी धूसर हवी, तर भिंगाचं छिद्र एफ 2.8 पर्यंत उघडावं लागतं. भर उन्हात एवढं केलं, तर गरजेच्या 512 पट उजेड आत शिरतो! उपाय म्हणजे एनडी फिल्टर, रंग न बदलता फक्त उजेड अडवणारी काच. 0.9 क्रमांकाची काच आठातला एकच भाग आत सोडते. अशा तीन काचा एकापुढे एक लावा: 8 गुणिले 8 गुणिले 8, बरोबर 512. ज्याला शाळेत पाढे नकोसे वाटायचे, तोही इथे खुशीत गुणाकार करतो.

तिसरा धडा दीक्षाभूमीच्या बाहेर उभं राहून घ्यावा. तो भव्य पांढरा घुमट फ्रेममध्ये भरून घेतला, तर ऑटोवर ठेवलेला कॅमेरा त्याला मळकट राखाडी करून टाकतो. जग सरासरीने मध्यम राखाडी आहे, असं गृहीत धरूनच त्याचा मीटर बनवलेला असतो. समोर पांढरं आलं की तो उजेड कमी करतो, काळं आलं की वाढवतो. घुमट पांढरा आहे हे त्याला सांगायचं काम माणसाचं.

ऊन सोडून घरात शिरलं, तरी सुटका नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून जुनी चोक असलेली ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. आपल्याला पत्ता लागत नाही, पण सेकंदाला 24 फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात शटर चुकलं तर पडद्यावर उजेड धडधडू लागतो. म्हणून भारतात शटरचा कोन 172.8 अंश ठेवतात. तेव्हा प्रत्येक फ्रेम नेमकी सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी राहते आणि तिच्यात दर वेळी दोन पूर्ण लुकलुकी मावतात.

हे सगळं शिकायला पुण्याची एफटीआयआय आहे, 1960 साली प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झालेली. पण आपल्याकडे हे शिक्षण त्याहून बरंच जुनं आहे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांनी त्र्यंबकेश्वरचे आपले मित्र त्र्यंबक तेलंग यांना कॅमेरा चालवायला शिकवलं आणि 3 मे 1913 रोजी तो चित्रपट लोकांसमोर आला. चित्रण सगळं सूर्याच्या भरवशावर झालं होतं.

नागपूरचं ऊन पडद्यावर कसं दिसतं, हे पाहायचं तर नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (2022) आवाज बंद करून पुन्हा बघा. त्याचं छायांकन सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचं आहे. ‘नाळ’चं दिग्दर्शन आणि छायांकन त्यांनीच केलं आणि त्या चित्रपटाला पदार्पणातल्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दर शॉटला एकच प्रश्न विचारा: सूर्य कुठे आहे?

कॅमेरा महाग असतो म्हणून अनेक जण शिकायचंच लांबणीवर टाकतात. त्यांना एवढंच सांगायचं आहे: आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये एक्स्पोजर लॉक करता येतं. ते करा, घरातल्या कुणाला तरी खिडकीशी बसवा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला त्याच जागेवरून एक फोटो घ्या. फीचे पैसे भरण्याआधी हा अभ्यास झालेला असला, तर भरलेली फी सत्कारणी लागेल.